बोका फोन उचलत नाही

सोमवार, ३ मार्च

आजपासून कारखाना दुरुस्तीसाठी बंद. वर्षातला माझा लाडका आठवडा — यंत्रं गप्प, आम्ही बोलके. एरवी उलटं असतं.

सकाळी सेफ्टी मॅडमनी सगळ्यांची कुलपं तपासली. यंत्रात हात घालणाऱ्याने आधी वीज बंद करायची, मुख्य खटक्याला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. चार माणसं कामाला तर चार कुलपं. शेवटचं निघेपर्यंत यंत्र फिरत नाही. कुलपाला टॅग असतो. त्यावर आपलं नाव, आणि — ही आमच्याच इथली पद्धत — घरी आपली वाट कोण बघतं ते. नुसतं नातं. ‘बायको’. ‘मुली’. ‘आजोबा’. खाली घरचा फोन. कुणी कुलूप विसरून गेलाच, तर आधी त्या घरी फोन लावायचा आणि त्याचा स्वतःचा आवाज ऐकल्यावरच कुलूप कापायचं.

माझ्या टॅगवर ‘बोका’ आहे.

मॅडमना पटत नाही. “अहो, हा फाजीलपणा झाला.” म्हटलं, खोटं काय आहे त्यात? रोज दारात बसून वाट बघतो. आई होती तोवर ‘आई’ लिहीत होते. दोन वर्षांपूर्वी ती गेल्यावर जागा कोरी ठेवली, तर याच मॅडम ओरडल्या — कोरं चालत नाही. मग घ्या बोका.

मंगळवार, ४ मार्च

बोका मला हुंगून तीनदा शिंकला. साबणाच्या कारखान्यातली मालकीण मिळाली, आता भोग म्हणावं.

बुधवार, ५ मार्च

मॅडमनी खरोखरच प्रत्येकाच्या घरी फोन लावून पाहिला. माझ्याकडे वाजून वाजून बंद पडला. टेस्टरच्या आईने मात्र पहिल्या घंटेलाच उचलला आणि मग मॅडमना सोडेचना. गुडघे दुखतात का, झोप लागते का, माझा मुलगा डबा संपवतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मॅडमना येईना. सगळा विभाग तोंड लपवून हसत होता.

टेस्टर म्हणजे आमचा इलेक्ट्रिशियन. वीज बंद केली तरी तारेला टेस्टर लावून बघतो. मग चालू तारेला लावून टेस्टर तरी बरा आहे ना ते बघतो. मग पुन्हा पहिल्या तारेला. चहाही तसाच — फुंकर, चमचाभर चाखणं, पुन्हा फुंकर. बघूनच वैताग येतो. चाळिशी गाठली, लग्न नाही. तिथेही तपासणी चालू असणार!

मी तरी कोण बोलणार म्हणा. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठीच आहे.

शुक्रवार, ७ मार्च

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

साबण घोटायच्या, खोलीएवढ्या मोठ्या मिक्सरमधला तापमानाचा सेन्सर बदलून झाला. टेस्टरने आपलं कुलूप काढलं. मी जेवायला घरी निघाले — आणि माझं कुलूप तसंच खटक्याला! नवशिक्याने करावी अशी चूक. अर्ध्या वाटेत आठवलं ते वेगळंच: सेन्सरचा नट पुरता आवळला का? परत फिरले. मागच्या फाटकातून आले, कार्ड दाखवलंच नाही. खिशात नुसती किल्ली, म्हणजे कुलूप खटक्यालाच राहिलंय, म्हणून बिनधास्त मिक्सरच्या मागच्या लहान दारातून आत. कुणाला सांगितलं नाही, दाराशी कुणाला उभं केलं नाही. कानात बोळे. मोबाईल नियमाप्रमाणे कपाटात. तेवढा एक नियम पाळला, बाकीचे धाब्यावर.

पॅनलची खोली खालच्या मजल्यावर. तिथे लवकरसाहेब आले — उत्पादन बघतात, ‘लवकर’शिवाय वाक्य होत नाही. मिक्सर आजच चालवून बघायचा होता आणि खटक्याला माझं कुलूप. पुढच्या फाटकावर विचारलं, तर बाई बाहेर गेल्या. मोबाईल उचलत नाहीत. घरी कुणी उचलत नाही. साहेबांनी फिटरला कटर आणायला सांगितलं.

पुढचं फिटरकडून कळलं. टेस्टर पॅनलला पाठ लावून उभा राहिला.

“घरचा फोन उचलला नाही. कापता येणार नाही.”

“अरे, बोका आहे तो. बोका काय हॅलो म्हणणार?”

“म्हणेपर्यंत थांबू.”

साहेब म्हणाले, नोकरी जाईल. तो म्हणाला, बरं. आणि फिटरला म्हणाला, तू तोवर वर जाऊन मिक्सरमध्ये पुन्हा एकदा बघून ये.

मला दिसलं ते फिटरचं तोंड, लहान दारातून आत डोकावणारं. म्हणतो, “बाई, तुम्ही घरी आहात ना?”

म्हटलं, घरी असते तर तुला इथे कशी दिसले असते?

मग त्याच्या हातातला कटर दिसला. सगळं एकदम कळलं. पात्यांच्या मधोमध बसले होते मी. त्याने हात धरून बाहेर काढलं.

घरी आल्यावर बोक्याला इतका वेळ धरून बसले की त्याने बोचकारलं.

शनिवार, ८ मार्च

मॅडमनी अशी खरडपट्टी काढली की बस. दोन आठवडे यंत्राला हात नाही, टेबलाशी बसून मीटर तपासायचे. कबूल. आणि सोमवारपर्यंत टॅगवर फोन उचलणारं माणूस पाहिजे. लवकरसाहेब दिवसभर हळू बोलत होते. टेस्टरची नोकरी जागच्या जागी आहे.

माणूस आणू कुठून? भाऊ परदेशी. मावशीला ऐकू येत नाही. शेजारीण दिवसभर बाहेर.

टेस्टरचे आभार मानायला गेले. “मी काही वाचवलं नाही. फोन उचलला नव्हता, एवढंच.” असा राग आला! बाथरूममध्ये जाऊन रडून आले. येऊन म्हटलं, मग तुमचंच नाव लिहिते टॅगवर.

थट्टा होती. पण त्याने चहावर फुंकर घातली, चाखलं, पुन्हा फुंकर घातली. “उपयोग नाही. मी तुमच्याच शेजारच्या यंत्रात असणार. फोन कोण उचलणार?”

चहा संपल्यावर म्हणाला, “माझी आई घरीच असते. विचारू तिला?” आणि कानापर्यंत लाल झाला.

रविवार, ९ मार्च

सकाळीच टेस्टरच्या आईचा फोन. “अगं, वाट बघायची तर तू दिसतेस कशी ते नको का कळायला? जेवायला ये.”

घर सापडेना, उशीर झाला. म्हातारी दारातच उभी. ओळख ना पाळख — “कुठे होतीस इतका वेळ?”

दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. चपला काढायच्या निमित्ताने बराच वेळ खाली वाकून राहिले.

सोमवार, १० मार्च

नवा टॅग लिहिला. ‘आई’. कोणाची, ते लिहायची आमच्यात पद्धत नाही.