ह्यांच्या आवाजासाठी डिस्क

४ फेब्रुवारी, सकाळ
ह्यांच्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क आज पुन्हा टकटक करू लागली. आतून कोणी नखाने दार वाजवावं तशी. मी घाबरले वगैरे नाही.
ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. इमारतींच्या भेगा तपासून आले की हे रिपोर्ट बोलून ठेवायचे. 'पूर्वेच्या भिंतीला तिरकी भेग, खाली रुंद... अगं, माझा चष्मा पाहिलास का?' मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, तेही रेकॉर्ड व्हायचं, मग हे चिडायचे. ते सगळं त्या डिस्कवर आहे. अजून एकही ऐकलेलं नाही. वेळच मिळत नाही.
निश्चय: याच आठवड्यात नवी डिस्क. आणि त्यांच्या खोलीत उगाच जायचं नाही.

११ फेब्रुवारी
आठवडा गेला. गुडघा.
जावयांना फोन केला. म्हणाले, "आई, कामाप्रमाणे डिस्क घ्यायची. कॉम्प्युटर चालवायला एसएसडी, आत काही फिरत नाही, पटकन चालते, आवाज नाही. साठवायला साधी फिरती हार्ड डिस्क, स्वस्त आणि जागा भरपूर. बाबांचे रिपोर्ट तिच्यावर घ्या आणि कपाटात ठेवून द्या. कॅमेऱ्याला मात्र वेगळी लागते, ती दिवसरात्र लिहीत राहते."
कॅमेरा धाकटीने पॅसेजमध्ये बसवलाय, मी बाथरूमपाशी घसरले तेव्हापासून. त्याच्या रेकॉर्डरचीही डिस्क गेली आहे, म्हणून तो बीप बीप करतो. या घरात माझ्याखेरीज सगळ्यांना कंठ फुटलाय.
जावई हुशार आहेत, पण कपाट? हे लिफ्टमध्येसुद्धा गुदमरायचे.

१३ फेब्रुवारी
दुकानात गेले. एसएसडी हातात घेतली, कानाला लावली. मुकी. परत ठेवली.
दुकानदाराने विचारलं, "काकू, काय ठेवायचंय? गाणी?"
"भिंतींचे रिपोर्ट."
"मग साधी घ्या."
मी कॅमेऱ्याची घेतली. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या डॉर्मिटरीवर एक सिस्टर होत्या, रात्रभर माळ ओढत जाग्या. त्या जाग्या म्हणून आम्ही मुली गाढ झोपायचो. ह्यांचा आवाज सांभाळायला अशीच डिस्क हवी.
"काकू, ही कॅमेऱ्यासाठी असते."
"कॅमेराही आहे माझ्याकडे," मी म्हटलं. त्याने बिल केलं.

१४ फेब्रुवारी
दुकानाचा माणूस येऊन कॉपी करून गेला. शेवटची फाईल इकडे आली आणि जुनी डिस्क कायमची थांबली. टकटक बंद. वाट बघत थांबल्यासारखी होती.
धाकटी म्हणाली, "आई, लगेच दुसरी कॉपी कर. एकच कॉपी म्हणजे कॉपी नाहीच."
करणार आहे. एकदा ऐकून झालं की.

२० फेब्रुवारी, दुपार
डिस्क कपाटात शालीत गुंडाळून ठेवली होती. जेवताना दोनदा उठून पाहिली. मग सरळ काढली आणि पॅसेजमधल्या रेकॉर्डरमध्ये बसवली. जागा एवढी आहे की कॅमेराही मावेल आणि हेही. जावयांना विचारलं नाही, कामात असतात.
पडद्यावर काहीतरी लांबलचक प्रश्न आला. हो म्हटलं. यंत्रांशी वाद घालत बसू नये. बीप थांबला. आता डिस्क अखंड चालू, हलकीशी गुरगुर. खूप दिवसांनी घरात कोणी जागं आहे असं वाटलं.

२ मार्च
धाकटीचा फोन. ती म्हणे मोबाईलवर कॅमेरा बघते. "आई, दिवसभर बाबांच्या दारात काय करतेस?"
"धूळ पुसते."
"हातात फडकं दिसत नाही."
"आवाज नीट येत नाही गं," म्हणून फोन ठेवला. त्या खोलीत मी जात नाही, हे इथे लिहिलेलंच आहे.

९ मार्च
जावई आलेत. आज ऐकायचंच ठरवलं, एक तरी. त्यांनी डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला लावली. एकेक फोल्डर उघडून पाहिला.
"आई, रेकॉर्डर नवी डिस्क आधी पूर्ण पुसतो, मग वापरतो. त्याने विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात का?"
मी म्हटलं, "हो."
त्यांनी जमेल ते सगळं करून पाहिलं. वर कॅमेऱ्याचं लिहिलं गेलंय, खालचं काही उरलेलं नाही. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.
मग त्यात जे होतं ते दोघांनी पाहिलं. आवाज नाही. रिकामा पॅसेज, ह्यांचं दार, खुर्चीचा कोपरा. सकाळी एक म्हातारी येते. दारात उभी राहते. ओठ हलतात. दुपारी पुन्हा येते, संध्याकाळी पुन्हा. मधेच थांबून ऐकते, मान डोलावते, मग उत्तर देते. एकदा तर हसली. केस मागून किती विरळ झालेत तिचे.
जावई हळूच म्हणाले, "डिस्क भरली की हेही पुसलं जाईल, आई. कॉपी करून ठेवू का?"
मी नको म्हटलं. ती बाई काय, उद्याही येईल.