कातड्यातली आई

प्रिय रुक्सांद्राताई,

तीन महिने हे पत्र मी उद्यावर ढकलतोय. मध्ये लाकडाच्या वखारीत राहिलो, मग महिनाभर एका मेंढपाळाबरोबर डोंगरात. त्याचं गाढव शिव्या घातल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, पण ते असू दे. तुला कार्डावर लिहिलं होतं, "झऱ्यापाशी आपल्या अस्वलाचे ठसे दिसले, मजेत आहे." खोटं होतं, ताई. ते मेलंय.

तू पहिल्यांदा माझं कौतुक केलंस तो दिवस आठवतोय? तुझ्या प्राण्यांच्या निवाऱ्यात ते अस्वलाचं बिनआईचं पिल्लू आलं होतं, मांजराएवढं, बाटलीला तोंडच लावेना. मी घरून बाबांचं नाचाचं कातडं आणलं, वर्षअखेरच्या मिरवणुकीत आमच्याकडचे पुरुष घालतात ते अस्वलाचं. ते पांघरून आत शिरलो. पिल्लानं केसांत नाक खुपसलं, बाटली ओढली आणि पिता पिता मधमाशांसारखं गुणगुणायला लागलं. "डोकं आहे की रे तुला, शाळेत कुठं ठेवलं होतंस?" असं म्हणाली होतीस. तुझा नियम एकच, त्याच्या कानावर माणसाचा आवाज पडता कामा नये. माणसाची सवय लागलेलं अस्वल जगत नाही. दीड वर्ष मी त्याच्याजवळ खोकलोसुद्धा नाही. मग तू त्याला जंगलात सोडलंस आणि कातडं बाबांकडे परत गेलं.

डिसेंबरात यंदा बर्फच नव्हता, म्हणून ते हिवाळ्याच्या झोपेला गेलं नसावं. रस्त्यावर मिरवणुकीचे ढोल वाजत होते आणि चाळीस कातडी नाचत होती, त्यातल्या बाबांच्या कातड्यात मी. ते उतारावरून आलं आणि सरळ रांगेत घुसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या! "हा कुणाचा रे पोरगा? झकास चालतो!" एका आजीनं पाव फेकला. ते एकेका कातड्याच्या छातीशी हुंगत, बाटली शोधत पुढे येत होतं. माझ्यापाशी आलं, मागच्या पायांवर उभं राहिलं, मला मिठी मारली आणि गुणगुणायला लागलं.

"अरे, खरं आहे ते! कोस्तिनला फाडतंय!" म्होरक्यानं सोटा उचलला, मग सगळ्यांनीच. अंगावर अस्वलाची कातडी घातलेली चाळीस माणसं अस्वलाला बडवत होती. मी नुसतं "थांबा" म्हणायचं होतं. पण त्याच्यासमोर बोलायचं नाही ही दीड वर्षाची सवय, जबडाच उघडेना. जितका मार बसेल तितकं ते माझ्या कुशीत शिरत होतं. शेवटी वनरक्षकानं गोळी घातली. बाबांनी मला दारू पाजली. "वाचलास लेका, देवळात मेणबत्ती लाव." लावली. वर्तमानपत्रात आलं, पिसाळलेलं रानटी अस्वल. तूही वाचलं असशील. आपलं आहे हे तुला कुठून कळणार?

परवा तुझी चिठ्ठी मिळाली. दोन नवी पिल्लं आलीत, दूध घेत नाहीत, ते कातडं पाठव, मागच्या वेळी गुण आला होता. म्हणून आज बसलोय लिहायला. मागू नकोस ते, ताई. चमच्यानं पाज, नळीनं पाज, आणि नाहीच प्यायली तर मरू दे. खरंच मरू दे. आमच्या खोऱ्यात दर वर्षी त्यांच्या चाळीस आया रस्त्यावर नाचतात. कातडं मी आजच जाळणार आहे, रॉकेलसुद्धा आणून ठेवलंय.

थांब, फाटक वाजलं. तुझे वडील आलेत, दोन्ही पिल्लं टोपलीत घेऊन! म्हणतात, "तिला न विचारताच आलो, रडून रडून अर्धी झालीत बिचारी." आणि आमच्या बाबांना तर काय, हौसच. कातडं खांद्यावर घेऊन ते बसलेसुद्धा.

रडणं थांबलं, ताई.

तुझाच,
कोस्तिन