शेवटच्या कोठडीची किल्ली

३ मार्च
आज वर्दी घातली. कारागृह शिपाई रविराज! आईनं गावात पेढे वाटले असणार. जेल लहान, दगडी. आवारात लिंबाची गार सावली. हवालदार हनुमंतमामा भिंगारचे, निवृत्तीला आलेले. त्यांनी आपल्या डब्यातली भाकरी-ठेचा मला दिला. म्हणाले, "नीट ऱ्हायलास तर जेलर व्हशील, पोरा."

१२ मार्च
कैद्याकडे पाठ करायची नाही, आवाज चढवायचा नाही. मामा सगळं शिकवतात. खात्याच्या परीक्षेची पुस्तकंही त्यांनीच आणून दिली. एकच गोष्ट विचित्र वाटली. मागची शेवटची कोठडी रिकामी आहे. तिथून कुणी पाणी मागितलं तर ऐकलंच नाही असं करायचं. मी हसलो. ते हसले नाहीत.

२० मार्च
भर दुपारी ऐकलं. कोरड पडलेल्या घशाचा आवाज, "हनुमंतराव, पाणी." आत कुणीच नव्हतं.

२४ मार्च
स्वयंपाकघरातला जुना कैदी कानिफनाथ बोलला. वाल्मिक नावाचा कच्चा कैदी तिथं पाणी मागत मागत मेला. किल्लीवाल्यानं दार उघडलं नाही. "अजून त्यालाच हाका मारतंय," म्हणाला.

२६ मार्च
मामांना विचारलं. ते रडले. वरून हुकूम होता म्हणाले. मग त्या कोठडीची किल्ली माझ्या हातात दिली. आता हात थरथरतात, तू ठेव, तू माझ्या मुलासारखा, असं म्हणाले. मला भरून आलं. घेतली.

२९ मार्च
आज हाक बदलली. "रविराज, पाणी."
माझं नाव त्याला कुणी —

१ एप्रिल
तांब्या गजांतून आत ठेवला. पाणी तसंच. त्याला आता पाणी नकोय.

२ एप्रिल
कानिफनाथनं डोळ्यांनी पाहिलंय. किल्ली दिली त्याच दिवशी मामा त्या दारापुढं गुडघे टेकून बसले होते. "किल्ली रविराजकडंच हुती, मी नव्हतो," असं सांगत होते. माझं नाव. मामांनी —

४ एप्रिल
जाब विचारायला गेलो. किल्ली माझ्याकडं असूनही शेवटची कोठडी उघडी, कुलूप कडीला नुसतं लटकलेलं. आतून मामांचाच आवाज आला, म्हणून आत शिरलो. आत मामा नव्हते. ते बाहेर होते. दार ओढून कुलूप दाबलं त्यांनी.

किल्ली माझ्याच खिशात, ही वहीही. गजांतून हात कुलपापर्यंत पोचत नाही. मामा, उघडा म्हणालो. त्यांनी मान फिरवली. "मला घरी निवांत मरायचंय, पोरा." गेले. मी ओरडतोय. सगळे ऐकलंच नाही असं करतात.

हाका थांबल्यात. माझ्या मानेवर कुणाचा तरी गरम श्वास — कोरडे ओठ — मी नव्हतो रे, वाल्मिक, मी तेव्हा इथं