तिसावी जागा

सोमवार, ३

आज घडलेलं, क्रमाने:

१. शाळेत संगणक शिक्षिका म्हणून रुजू झाले. एकोणतीस मुलं, एकोणतीस संगणक. एकही बंद नाही, हे नवलच!

२. चिठ्ठ्या चिकटवायच्या मोफत ऑनलाइन फळ्यावर एका वेळी तीसच जण येऊ शकतात. मुलं आणि मी मिळून बरोबर तीस.

३. नवा फळा केला नाही. जुन्याची लिंक भिंतीवर चिकटवलेली होती, संगणकांतही साठवलेली. त्यावर एकच चिठ्ठी होती: "इथे वर्ग घेऊ नका." कुणाचा तरी वात्रटपणा. पुसून टाकली.

आईला फोनवर सांगितलं. म्हणाली, फुकट म्हटलं की तुझे डोळे लकाकतात, अगदी बापावर गेलीस.

मंगळवार, ४

प्रश्न टाकला: शाळेत काय आवडतं? चिठ्ठ्या पटापट चिकटल्या. "मधली सुट्टी." "शाळा सुटल्याची घंटा." "नव्या बाई ओरडत नाहीत."

खिडकीजवळची दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, बाई, मला आत घेतच नाहीये. तिच्या पडद्यावर लिहिलं होतं: फळा भरला आहे.

मी मोजलं. आत अठ्ठावीस मुलं आणि मी. आकडा मात्र तीस. फळ्यावर प्रत्येकाचा नावासकट बाण फिरतो. त्यांत एक करडा बाण होता, बिननावाचा. त्याची चिठ्ठी: "खिडकीजवळची जागा."

दुसऱ्या वर्गातून कुणी लिंक उघडली असेल. मुलीला माझ्या शेजारी बसवलं. कंटाळून तिने याच वहीत, या पानाच्या कोपऱ्यात, एक मांजर काढलं. मिश्या फार लांब झाल्या म्हणून स्वतःच हसली.

बुधवार, ५

ती आली नाही. हजेरीपटावर अठ्ठावीसच नावं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, अहो, पहिल्या आठवड्यात होतो असा गोंधळ, तुमचा वर्ग अठ्ठावीसचाच आहे. मुलांना विचारलं. कोण, बाई? असं त्यांनीच मला विचारलं.

खिडकीजवळची खुर्ची रिकामी. तिच्यासमोरचा संगणक चालू.

मांजर वहीत आहे. मी पाहिलं.

गुरुवार, ६

मुलांना फळा उघडू दिला नाही. तो काढून टाकायला एकटीच आत गेले. जमलं नाही, ज्याने बनवला त्यालाच काढता येतो. ऑफिसातल्या क्लार्कना विचारलं, संगणकाच्या आधीच्या बाई कुठे असतात? ते म्हणाले, कुठल्या आधीच्या? पहिल्या तुम्हीच.

भिंतीवरचा लिंकचा कागद पिवळा पडलाय.

परत आले. फळ्यावर दोघंच, करडा बाण आणि मी. मंगळवारच्या प्रश्नाखाली नवी चिठ्ठी: "बाईंची खुर्ची."

मग मी बाहेर फेकले गेले. फळा भरला आहे. दोघांतच —

शुक्रवार, ७

शिपायाने फाटकात अडवलं. कुणाच्या पालक तुम्ही? कशीबशी आत आले. लॅबच्या दारातून दिसतंय — मोठ्या पडद्यावर माझं नाव, प्रश्न टाकतंय. मुलं उत्तरं देतायत. आज आणखी एक खुर्ची रिकामी —

हाका मारल्या. कुणी वळलं नाही.

आईला फोन केला. कोण हवंय तुम्हाला? चुकून लागला असेल, बाई. ठेवला —

वही बाहेरच्या खिडकीत ठेवते. ज्याला मिळेल त्याने भिंतीवरचा तो लिंकचा कागद फाडावा. मुलांना मोजावं. दोन वेण्यांची एक मुलगी होती, हे कुणाला तरी ठाऊक असू दे.

कृपया पुढच्या शुक्रवारपर्यंत, १४ तारखेपर्यंत, शेवटच्या पानावरच्या नंबरवर एवढंच कळवा: मंगळवारच्या पानावर मांजर दिसतं का? मला आता नुसत्या मिश्या —