कुंभकोणमात हीटर

३ मे
गाडीत पुन्हा इंजिनाच्या कूलंटचं पाणी. हिरवं, चिकट, गोडूस वासाचं. पुढच्या सीटखालचं कार्पेट पिळलं तर बादली भरेल. हीटरच्या नळीचा जोड गळतोय. शी. अंबुजाचं मत, कुंभकोणमात हीटर कोणाला लागतो, नळी बंद करून टाका. बायको आहे, बोलणारच. चालू हीटरवाली गाडी आमच्या अख्ख्या साक्कोट्टै गावात माझी एकट्याची. म्हातारी झाली म्हणून तिचा अवयव कापू?

५ मे
पुढच्या रविवारी मुलाकडचे येताहेत. आमच्या कीर्तिला अश्विन पसंत, त्याला ती. अडलंय ते त्याच्या आईपाशी, मीनाक्षीबाईंपाशी. पाहुण्यांना यजमानाने स्वतःच्या वाहनातून आणायचं, ही आमच्या घराची तंजावर दरबारापासूनची रीत. कीर्ति म्हणाली, अप्पा, टॅक्सी सांगा. मी म्हटलं, टॅक्सीने पार्सलसुद्धा येतं.

७ मे
महालिंग मेकॅनिक हीटर बघून हसला. वर शेजारच्या चहावाल्याला बोलावून दाखवला. गाडी तशीच परत आणली. जोडावर स्वतः सायकलची ट्यूब आवळली. काम फत्ते.

८ मे, सकाळी
दारातलं कोलम, अंबुजाची रोजची रांगोळी, हिरवं झालंय. अंबुजाने बादली-खराटा माझ्यापुढे आणून आदळला. हल्ली रबरात रबर नसतं, किळस येते या मालाची.

१० मे
लॉरीवाल्यांचा उपाय: रेडिएटरमध्ये हळद. घरातला डबा रिकामा केला. गळती बंद! सांबारात हळद नाही म्हणून अंबुजाची कुरकुर. हिला मोठं काही दिसतच नाही.

१२ मे, संध्याकाळी
मंडळींना स्टेशनवरून थेट घरी न आणता आधी स्वामीमलैला दर्शनाला नेलं. परतताना इंजिनाच्या तापमानाचा काटा लालवर. अशा वेळी हीटर फुल सोडला की इंजिनाची उष्णता बाहेर पडते, हे जाणकारालाच ठाऊक. सोडला. इंजिन वाचलं. आत जरा उकडलं. काचांवर वाफ धरली, रसमचा वास सुटला. मग जोड सुटला आणि कार्पेटवरचं पिवळं पाणी मीनाक्षीबाईंच्या मोतिया रेशमी साडीने टिपून घेतलं. मी म्हटलं, हळद शुभच. त्या उतरल्या आणि टाऊन बसमध्ये चढल्या. बाकीचेही त्यांच्यामागून गेले. आजकाल लोकांना कळ सोसवत नाही.
घरी आलो तर कीर्ति रडत होती. ते मात्र बघवलं नाही.

१३ मे
मीनाक्षीबाईंचा होकार आला. हुंडा नको, मानपान नको. एकच अट: मुलीच्या वडिलांनी कुणाला आणायला जाऊ नये आणि पोचवायलाही येऊ नये. विचार करून कळवतो, असं मी बाणेदारपणे सांगितलं. तेव्हा कळलं की कीर्तिने या अटीला कधीच हो म्हटलंय, आणि मंडपात जायला स्वतःसाठीही टॅक्सी सांगितलीय.