दीड चमचा पोकळी

मी, श्रीमती मालुबाई मष्णू धामणेकर, राहणार मच्छे, तालुका व जिल्हा बेळगाव, धंदा घर सांभाळणे व घरच्यांना ताळ्यावर ठेवणे, वय आधार कार्डाप्रमाणे अठ्ठ्याहत्तर (खरे वय आईला ठाऊक होते, ती सांगायला राहिली नाही), आज पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने माझ्यामागे काय कोणाचे ते सांगून ठेवते. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि निपाणीचे वकील सन्मती पाटील लिहितात. ते मध्येच थांबून म्हणतात, "आज्जी, हे दस्तात बसत न्हाय." बसवा म्हटलं. बसवले आहे.

माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायची या घरात कोणाची छाती नाही. मुलगा रविराज दाराशी उभा आहे, त्याला विचारा.

कलम १. राहते घर, परसासकट, रविराज याला. अट एकच, मागच्या दाराला कडी बसवावी. मी जिवंत असेतो बसवली नाहीस, निदान मालक झाल्यावर तरी बसव.

कलम २. बोरमाळ व पाटल्या मुलगी माधवी हिला, जी निपाणीस दिली आहे. बोरमाळेवर घरातच आणखी एका बाईचा डोळा आहे. तिचे नाव घालत नाही, कारण सकाळचा चहा तीच करते. सोसायटीतली ठेव माझ्या दिवसकार्याला लावावी, उरेल ती माधवीला.

कलम ३. वर्कशॉपची शेड, जागेसकट, आतले लेथ, ड्रिल व सगळी हत्यारे, तसेच माझ्या पतींची जुनी मोटरसायकल. हे सर्व पतींच्या रजिस्टर मृत्युपत्राने माझ्या एकटीच्या नावे आहे. हे मी रविराजची मुलगी तेजस्वी हिला देते. का देते, ते सांगितल्याशिवाय पुढचे कलम घ्यायचे नाही.

या गाडीवर बसून मी खडेबाजार पाहिला, निपाणी पाहिली, गुंजीला नणंदेशी भांडायला गेले आणि भांडून परत आले. दर खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेआधी, आमचे हे गाडीचे हेड उतरवत. हेड म्हणजे इंजिनाचे डोके, आतून करवंटीसारखे पोकळ. काजळी खरवडायची, मग काचेवर घासायची बारीक पेस्ट टाकून हेडाची कड घासत बसायचे, आरशासारखी होईपर्यंत. मग ते माझ्यापुढे धरायचे. "मालू, बघ आणि कुंकू लाव." घरात आरसा होता. पण त्या कडेत कपाळाचा जेमतेम बोटभर तुकडा दिसायचा, तेवढ्यात कुंकू नेमके लावायचे, अशी आमची पैज. मग हेड परत चढायचे, झेंडूची माळ पडायची. हे गेल्यावर रविराजने तीच रीत चालवली. कड घासून माझ्यापुढे धरायचा. मी बघायची. लावायला कुंकू नव्हते, पण बघायची.

गेल्या वर्षी खंडेनवमीला नातू सौरव याने किक मारली. किक उलटी आली आणि त्याच्या नडगीचे हाड मोडले. त्याआधीही गाडी चढाला टकटक वाजायची, तापायची. शेजारचा गुंडू म्हणाला, "मष्णूअण्णाचा जीव अडकलाय त्यात. देवरुषी बघा." लिंबं आणि बिब्बे घेऊन तोच आला. रविराज घाबरला. त्याचे पोर लंगडत होते, मी त्याला नावे ठेवत नाही. गाडी भंगारात घालायची, शेड विकायची, असे त्याने ठरवून टाकले. गिऱ्हाईकही आणले. माझा अंगठा तेवढा राहिला होता.

तेजस्वीने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे. ती म्हणाली, "बाबा, एक रविवार द्या. मग काय ते विका."

त्या रविवारी मी शेडमध्ये पाट घेऊन बसले. तिने हेड उतरवून उताणे ठेवले, पाण्याची पातळी धरतात तसे समतोल. वाल्व बंद, प्लग जागेवर. कडेला ग्रीस लावले आणि वर भोक पाडलेली जाड काच दाबून बसवली. स्टिअरिंगचे तांबडे तेल रॉकेलात मिसळले आणि जनावरांच्या दवाखान्यातल्या मोठ्या सिरिंजने त्या भोकातून सोडायला लागली.

"पूजा हाय का दवापाणी?" मी विचारले.

"माप घेतोय आज्जी."

"कशाचं?"

"आतल्या रिकाम्या जागेचं."

मी जन्मभर मापट्याने जोंधळे मोजले, तांब्याने दूध मोजले. आत काही असले की मोजायचे, एवढेच मला ठाऊक. ही पोर काही नसलेले मोजत होती. काचेखाली तेल चढत गेले, एक बुडबुडा राहिला, तिने हेड किंचित कलते करून तो भोकाकडे आणला आणि तोही गेला. काच काठोकाठ लाल झाली. सबंध पोकळी माझ्यासमोर उभी राहिली, तळहातावर मावेल एवढी. मी बोलायची थांबले. घरच्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवली आहे.

"सिलिंडरात मावंल तेवढी हवा पिस्टन वर नेतो नि ह्या खळग्यात दाबतो," ती म्हणाली. "कंपनीनं साडेसहा वाट्यांची हवा एका वाट्यात बसवलीती. आता खळगाच बारीक झालाय. सातच्या वर वाटे कोंबतोय आपण. मग ती उलटी लाथ मारणारच की."

"बारीक कोण केला?"

तिने सिरिंजमध्ये थोडे तेल घेऊन एका छोट्या बाटलीत सोडले. दीड चमचा असेल नसेल. "एवढी जागा कमी झालीया आज्जी. कड घासली की हेड खाली बसतंय. केसभर, केसभर. दर खंडेनवमीला."

मी ती बाटली उजेडाला धरली. आत आमचा सगळा संसार होता. प्रत्येक वर्षीची ती पैज, ते घासणे, ते "बघ" म्हणणे, केसाएवढे केसाएवढे साठून दीड चमचा झाले होते. माझ्या कपाळापायी ह्यांनी इंजिन बिघडवले. आणि एवढ्याशा काळोखात, जिथे कोणाचा डोळा पोचत नाही, तिथे इतकी वर्षे जाळ होत राहिला आणि मी गुंजीला गेले, निपाणीला गेले. मला वाटायचे गाडी लोखंडावर पळते. ती त्या पोकळीवर पळत होती. देवापुढे मी हात जोडते, पण त्या दिवशी ते जोडायला लागले नाहीत, आपोआप जोडले गेले.

हेड तेवढेच वर उचलायला तिने तांब्याची जाड रिंग कापून त्याखाली घातली, पुन्हा माप घेतले, ठिणगीची वेळ जुळवली. किक तिनेच मारली. सौरव काठी टेकून लांब उभा होता, गुंडू त्याच्याहून लांब. गाडी पहिल्या किकेला लागली आणि ह्यांच्या वेळी वाजायची तशी, सावकाश, वाजत राहिली.

हे सांगत असताना आत्ता रविराज दारातून बोलला, तेही लिवा: "आये, पोरगी उद्या लगीन होऊन जाईल. शेड परक्या घरात जाईल."

माझे उत्तर: "मीबी परक्या घरातनंच आलतो रं. मग तुझं हे घर कुणाचं?"

वकील म्हणतात, "आयतु, झालं आज्जी, पुढं?" पुढे हे की तेजस्वीने लग्न करावे, करू नये, केले तर कुठेही करावे, शेड तिची. शेड विकायची झाली तर तिनेच विकावी, दुसऱ्याने गिऱ्हाईक आणू नये. सौरवला गाडी चालवायची मुभा आहे, आधी तिला विचारून.

कलम ४. गाडीला बांधलेली लिंबं व बिब्बे डब्यात जपून ठेवले आहेत. ते गुंडूला परत.

कलम ५. खंडेनवमीला गाडीची पूजा करावी. हळदकुंकू, झेंडू, नारळ. हेड घासायचे नाही. ज्याला आरसा पाहिजे त्याने बाजारातून आणावा.

कलम ६. तांबड्या तेलाची ती बाटली कोणालाही देत नाही. ती माझ्याबरोबर यावी. तिकडे गेल्यावर ह्यांना दाखवायची आहे, काय करून ठेवलंत म्हणून.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. यापुढे करायला तोंडात एवढा दम नाही. वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, मी म्हणाले तसाच आहे, वकिलांनी चार ठिकाणी सभ्य केला आहे तेवढा सोडून.

ठिकाण: मच्छे, बेळगाव
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२४

साक्षीदार:
१. गुंडू यल्लाप्पा सांबरेकर, शेजारी (कलम ४ दोनदा वाचून घेऊन सही केली.)
२. डॉ. श्रद्धा चौगुले (बाई शुद्धीत असल्याची खात्री केली. त्यांनी माझीही केली.)

लिहिणार: ॲड. सन्मती बाबगोंडा पाटील, निपाणी

डाव्या हाताचा अंगठा: श्रीमती मालुबाई मष्णू धामणेकर

टीप: अंगठा देतेवेळी बाईंच्या हातात बाटली होती व बूच सैल होते. रविराज यांनी पुढे होऊन ती आपल्या हातात धरली व अंगठा होईपर्यंत धरून ठेवली. ठशाशेजारी तांबड्या तेलाचा डाग आहे. ती खाडाखोड समजू नये. डाग तसाच ठेवावा, असे बाईंचे व रविराज यांचे दोघांचेही म्हणणे पडले.