सरजाबाईंच्या नावापुढचा शेरा

दिनांक : ४ फेब्रुवारी १९८५

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, बोरखडी,
जिल्हा लातूर (नवीन)

विषय : सरजाबाई केरबा सूर्यवंशी यांच्या नावापुढील 'रुग्णाने रोग दडविला' हा शेरा काढून चूक परिचारिकेची असल्याचे नोंदविणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचा चौकशी अहवाल. २) माझे यापूर्वीचे दोन अर्ज.

महोदय,

मी खाली सही करणारी, बोरखडी उपकेंद्राची परिचारिका, विनंतीपूर्वक कळविते की, वरील अहवालात मला निर्दोष ठरविले आहे. ते मला मान्य नाही.

दिनांक ११ मे १९८२ रोजी, म्हणजे आपला जिल्हा होण्याआधी, पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर मी मजुरांची त्वचा तपासली. प्यायला पाणी नव्हते, तिथे अंघोळ कुठली? खरूज, गजकर्ण, टोपलीने सोलवटलेले खांदे, हेच दिवसभर पाहत होते. सरजाबाईंच्या डाव्या कोपराजवळ रुपयाएवढा फिकट चट्टा होता. खाज नाही, खपली नाही. अशा वेळी रुग्णाला डोळे मिटायला लावून कापसाची वात टेकवायची आणि जिथे कळेल तिथे बोट ठेवायला सांगायचे, असे आम्हाला शिकविले आहे. चट्ट्यावर कळले तर साधे शिबे, न कळले तर कुष्ठरोगाचा संशय.

कामावरचे मुकादम हे सरजाबाईंचे थोरले दीर. ते शेजारीच उभे असल्याने बाईंनी तोंडावर पदर ओढला होता. डोळे झाकलेच आहेत, असे मी धरून चालले. पदर वर करून खात्री करायला हवी होती. पण मी बौद्ध घरातली, सरजाबाई पाटलांच्या भावकीतल्या. चारचौघांत त्यांच्या पदराला हात लावावा की नाही, या विचाराने मी हात मागे घेतला. लुगडे वापरून वापरून इतके विरले होते की आतून त्यांना सगळे दिसत होते. मी तीनदा कापूस टेकविला, तीनदा त्यांनी बरोबर तिथेच बोट ठेवले. मी रजिस्टरला 'संवेदना आहे, शिबे' असे लिहून पुढच्या बाईला बोलाविले. त्या एका ओळीमुळे नंतरच्या दोन्ही तपासण्यांत त्यांना कोणी बोलाविले नाही.

गेल्या ऑक्टोबरात भाकरी टाकताना त्यांचा डावा हात तव्याला चिकटला. वास आला तेव्हा त्यांना कळले. करंगळी आणि शेजारचे बोट तोवर वाकले होते.

चौकशीत त्या जे बोलल्या ते अहवालात नाही, म्हणून इथे लिहिते. "बाई म्हणल्या, कापूस टेकला की बोट लावा. मला दिसला, म्या लावलं. दिसत असताना न्हाई कसं म्हणू?" यात दडविणे कुठे आले? साहेब, हे चोर सोडून संन्याशाला सुळी झाले.

तो शेरा चावडीवर मोठ्याने वाचला गेला. त्यांचा मुलगा व्यंकटी सर्वांदेखत म्हणाला, "ठाऊक असून माझ्या लेकरायला घास भरवलास व्हय?" त्या दिवसापासून त्या रिकाम्या गोठ्यात राहतात. चार वर्षांची नात सिंधू कुडाच्या फटीतून आजीशी बोलते. गोळ्या चालू आहेत, आता लेकरांना धोका नाही, हे मी व्यंकटीला दोनदा जाऊन सांगितले. तो रोगाला भीत नाही. आई खोटे बोलली, हे त्याला सोसत नाही.

माझ्या पहिल्या अर्जावर उत्तर आले की, घटना जिल्हा होण्यापूर्वीची असल्याने चूक जुन्या जिल्ह्याकडे कबूल करावी. जुन्या जिल्ह्याने कळविले की, रुग्ण नव्या जिल्ह्यात असल्याने तिकडेच कबूल करावी. दुसऱ्या अर्जावर, १६ ऑगस्ट १९८२, म्हणजे जिल्हा झाला त्या दिवसापूर्वी चट्टा किती होता आणि त्यानंतर किती वाढला, याचा दाखला मागविला आहे. असा दाखला मला देता येत नाही. एक बाई आपली चूक घेऊन दोन जिल्ह्यांत हिंडते आणि ती ठेवून घ्यायला एकही टेबल नाही, याचे फार वाईट वाटते.

तरी विनंती की, सदर शेरा काढून 'परिचारिकेने डोळे मिटल्याची खात्री केली नाही' असे लिहावे, आणि तो कागद त्याच चावडीवर, तितक्याच मोठ्याने वाचावा. माझ्यावर होईल ती कारवाई मला मान्य आहे. उशीर करू नये. जखम हाडापर्यंत गेली आहे आणि बाई मोठ्या दवाखान्यात यायला तयार नाहीत. "आधी पोराला खरं कळू द्या, मंग हात कापा न्हाईतर ठिवा," एवढेच म्हणतात. मी रोज मलमपट्टी करते आणि रोज हेच ऐकून परत येते.

आपली नम्र आणि दोषी,
महानंदा भीमराव सोनकांबळे
परिचारिका, उपकेंद्र बोरखडी

सोबत :
१) दिनांक ११ मे १९८२ च्या रजिस्टरच्या पानाची नक्कल. अक्षर माझेच आहे.
२) सरजाबाईंचा जबाब, डाव्या अंगठ्याच्या ठशासह. जखमेकडे त्या बघत नाहीत, त्यामुळे ठसा देताना तोंड फिरवून बसल्या होत्या. अंगठा कागदाला टेकला हे त्यांना कळले नाही, "लागला का वो बाई?" असे विचारून त्यांनी पुन्हा दाबला. म्हणून ठसे दोन आहेत. कृपया दोन्ही एकाच बाईचे धरावेत.